खिचडी झाली, काल्याचं काय?

आज आषाढी. सकाळपासून तुमच्या स्टेटसला विठोबा असणार, डब्यात साबुदाण्याची खिचडी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा टोमणाही घरात कुणीतरी मारून झाला असेल. खिचडीबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. गंमत एवढीच, की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणे, मिरची, हे सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलं. ज्ञानेश्वर-नामदेवांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं! म्हणजे उपवासाचा अर्थ काही ताटात सापडायचा नाही.

‘उप’ म्हणजे जवळ, ‘वास’ म्हणजे राहणं. देवाच्या जवळ राहायचं. ठीक. पण चोखोबांना त्या देवाच्या जवळ जाऊच दिलं नाही. त्यांची समाधीही मंदिराबाहेर, नामदेव पायरीसमोर. आणि हे चौदाव्या शतकात संपलं नाही. मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना, साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे मंदिर दलितांसाठी खुलं झालं. मला विचाराल तर पंढरपुरातला सगळ्यात खरा उपवास तो. दुसऱ्याला देवाजवळ जाता यावं म्हणून धरलेला.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी यंदा दिवे घाट चढला असेल. तिथे सत्तरीचे आजोबा विशीतल्या पोराच्या पाया पडतात, पोरगं त्यांच्या. दोघंही एकमेकांना ‘माऊली’. आडनाव कुणी विचारत नाही. आपण त्याचं मस्त रील करतो. मग रूमवर नवा मुलगा येतो आणि पहिला प्रश्न, ‘पूर्ण नाव काय रे?’ नुसतं नाव का पुरत नाही, हे तुम्हालाही माहितीये.

वारीतही सगळं आलबेल होतं, असं नाही हं. इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवत होते. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते लिहून ठेवलंय. मिळवून वाचाच.

‘भक्तीत हे राजकारण कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण मी काही बाहेरून आणत नाहीये. वारी एकादशीला संपतच नाही. पौर्णिमेला गोपाळपुरात गोपाळकाला होतो. लाह्या, दही, जे असेल ते एकत्र कालवतात, वारकरी एकमेकांना घास भरवतात आणि मगच घरी परततात. कुणाच्या घरचं काय, हे काल्यात वेगळं काढताच येत नाही. आपलं स्टेटस मात्र आज रात्रीच बदलतं.

पौर्णिमेला अजून चार दिवस आहेत. कॉलेजं सुरू झालीयेत, रूम शोधणं चालू आहे. ग्रुपवर ‘रूममेट पाहिजे’ असा मेसेज टाकणार असाल, तर त्याच्या खाली कंसात काय काय अटी लिहिल्यात, ते पाठवण्याआधी एकदा वाचून बघा.