‘आणि पार्टी’तून बाहेर पडलेला आवाज

१/ भारतीय पॉप संगीताचा इतिहास समाजमाध्यमांवर ज्या क्रमाने सांगितला जातो, तो आता सर्वांना पाठ झाला आहे : १९८१ मध्ये नाझिया हसन, १९९५ मध्ये अलिशा चिनॉय, २००२ मध्ये ‘व्हिवा’. समूहात गाणाऱ्याने बाहेर पडून स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रण करणे ही या क्रमात जणू एकविसाव्या शतकाची देणगी ठरते. महाराष्ट्रापुरता तरी हा क्रम चुकीचा आहे. ही वाट त्याआधी कित्येक दशके प्रल्हाद शिंदे चालून गेले होते. त्यांना या इतिहासातून वगळण्यामागे सांगीतिक कारण नाही.

२/ आधी ‘व्हिवा’. २००२ मध्ये ‘चॅनेल व्ही’ने ‘पॉपस्टार्स’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतून पाच तरुणी निवडल्या आणि त्यांचा समूह घडवला. पुढच्याच वर्षी त्याच स्पर्धेतून ‘आसमा’ आला. दोन्ही समूह अल्पायुषी ठरले. त्यांतील गायिकांची पुढील ख्याती मात्र मुख्यतः चित्रपटांतून आली : ‘आसमा’च्या नीती मोहन यांना २०१२ च्या हिंदी चित्रपटांनी, ‘व्हिवा’च्या नेहा भसीन यांना ‘सुलतान’ने (२०१६). भसीन यांनी पंजाबी लोकगीते स्वतंत्रपणेही मुद्रित केली. तरी एकंदर चित्र स्पष्ट आहे. समूहातून सुटलेला आवाज पार्श्वगायनात स्थिरावला.

३/ आता मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत तिकीट लावून ऐकला जाणारा, तबकडीवर विकला जाणारा आणि चित्रपटांनी उचललेला एक समूहप्रकार होता : कव्वाली पार्टी. मुख्य कव्वाल मिसरा उचलणार. मागे बसलेले साथीदार टाळ्यांच्या ठेक्यावर तो झेलून परत देणार. ‘अल हिलाल’ (१९५८) या चित्रपटातील कव्वालीने इस्माईल आझाद हे नाव देशभर पोहोचवले. अशा तबकड्यांवर मुख्य गायकाचे नाव छापले जाई आणि त्यापुढे दोन शब्द : ‘आणि पार्टी’. कोरसमधील माणसाचे नाव त्या दोन शब्दांतच विरून जाई.

४/ प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) हे याच इस्माईल आझाद यांच्या कव्वालीत कोरस गात. म्हणजे ते ‘पार्टी’ होते. तेथून ते स्वतःच्या नावाने गाऊ लागले. मधुकर पाठक यांच्यासारख्या संगीतकारांच्या चाली त्यांनी गायल्या. विठ्ठलगीते गायली, भीमगीते गायली. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या पावलांचे त्यांचे गीत आज आषाढीला गावोगावच्या ध्वनिक्षेपकांवरून वाजते. मात्र त्या आवाजात कव्वालीची तालीम ऐकू येते, हे फारसे कुणी बोलत नाही. वरच्या पट्टीतली फेक आणि कोरसशी चाललेली देवघेव हे सारे पार्टीतून आलेले आहे.

५/ या कारकिर्दीचा आधारस्तंभ चित्रपट नव्हता, हा खरा मुद्दा आहे. आधी तबकडी, मग कॅसेट. तबकडीच्या काळात बाजारावर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे वर्चस्व होते. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटने ते मोडले. गुलशन कुमार यांची ‘सुपर कॅसेट्स’ कंपनी १९८३ ची. अमेरिकी संगीतअभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतासंदर्भात ही उलथापालथ तपशिलाने मांडली. कॅसेट काढणे इतके स्वस्त झाले की प्रादेशिक भाषेतील गायकाला चित्रपटाच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही.

६/ हे संगीत कोठे ऐकले गेले, हेही पाहावे. कळंबोलीचे नाव कोणत्या संगीत-इतिहासात शोधायला कोणी जाणार नाही. मुंबईतील लोखंडाचा व्यापार शहराबाहेर नेण्यासाठी सिडकोने तेथे लोखंड-पोलाद बाजार वसवला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गही तेथूनच सुरू होतो. अशा ठिकाणी मालमोटारीतील टेप, चहाची टपरी आणि उत्सवाचा मंडप हीच श्रवणगृहे असतात. दूरचित्रवाणीच्या लोकप्रियता-यादीत या श्रोत्यांची मोजणी झाली नाही, आणि पुढे इतिहास त्या याद्यांवरून लिहिला गेला. जे मोजले नाही ते घडलेच नाही, असे मानणे ही इतिहासलेखनाची शिस्त नव्हे.

७/ पहिला आक्षेप ठरलेला आहे : हे तर भक्तिसंगीत, याला पॉप कसे म्हणावे? मग अमेरिकेतील सोलचा इतिहासही पुसावा लागेल. सॅम कुक हे ‘सोल स्टरर्स’ या गॉस्पेल समूहात गात होते. १९५७ मध्ये एकट्याने ध्वनिमुद्रण करून ते पॉपचे तारे झाले. त्यांचा चर्चमधला काळ कोणी पॉपच्या इतिहासातून कापत नाही. उलट त्यालाच पाया म्हटले जाते. कुक यांनी निदान विषय बदलला होता, असे कोणी म्हणेल. पण विषयावरून प्रकार ठरवायचा, तर प्रेमगीताशिवाय पॉप नाही असे म्हणावे लागेल.

८/ दुसरा आक्षेप अधिक सभ्य, म्हणून अधिक घातक आहे : हे ‘लोकसंगीत’ आहे. लोकगीताला कर्ता नसतो. ते पिढ्यांच्या ओठांवर घडते. या गीतांना कवी आहे, संगीतकार आहे, वादकवृंद आहे, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि कंपनीचा क्रमांक आहे. वामनदादा कर्डकांसारखा कवी आयुष्यभर नावानिशी लिहीत राहिला. त्यांच्या रचनांना ‘लोकगीत’ म्हणणे हा गौरव वाटतो खरा. परिणाम मात्र असा होतो की कर्त्याचे नाव गळते आणि कलाकृती ‘सर्वांची’ होते. दलित आणि कष्टकरी वस्त्यांतून आलेल्या कलावंतांच्या वाट्याला हा गौरव इतक्या सढळ हाताने का येतो, हे विचारले पाहिजे.

९/ नाव गळणे ही केवळ भावनेची बाब नाही. त्यात पैसा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला स्वतःच्या गायनावर हक्कच नव्हता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या उणिवेवर बोट ठेवले. कलावंताचा हक्क कायद्यात आला १९९४ मध्ये. स्वामित्वधनाची स्पष्ट तरतूद २०१२ मध्ये. प्रल्हाद शिंदे १९९४ मध्ये ६१ वर्षांचे होते आणि त्यांची कीर्तिमान गाणी तोवर गाऊन झाली होती.

१०/ आणखी एक कलम पाहण्याजोगे आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात ध्वनिमुद्रण वाजवणे हे हक्काचे उल्लंघन ठरत नाही. तरतूद समजण्यासारखी आहे. वारीत परवाना कोण मागणार? पण तिचा भार कोणावर पडतो? ज्याची गाणी मुख्यतः अशाच प्रसंगी वाजतात, त्याच्यावर. ‘भक्तिगीत’ ही दुकानातील खणावरची चिठ्ठी नुसती चिठ्ठी राहत नाही. ती मिळकतीचा हिशेब बदलते.

११/ येथे एक सावधगिरी हवी. प्रल्हाद शिंदे यांना ‘स्वतंत्र’ कलावंत म्हणून रंगवणे हेही खोटेच ठरेल. कंपनी होती, तिची निवड होती, तिचे हिशेब होते. ‘व्हिवा’ वा ‘आसमा’च्या गायिकांना कमी लेखण्याचेही कारण नाही, स्वतंत्र पॉपचा बाजार आटत असताना त्यांनी गळ्यावर पोट चालवले. तुलना गुणांची नाही, नोंदीची आहे. एका वाटेला ‘सोलो कारकीर्द’ हे नाव मिळाले. दुसरीला ‘लोकगायक’ हे बिरुद.

१२/ २००४ हे साल या दुजाभावाचा पुरावा म्हणून ध्यानात ठेवावे. त्या वर्षी ‘ए बँड ऑफ बॉईज’ या मुंबईच्या पॉप समूहाला घेऊन ‘किस किस को’ हा हिंदी चित्रपट आला. त्याच वर्षी १५ मे रोजी वामनदादा कर्डक आणि २३ जून रोजी प्रल्हाद शिंदे गेले, सहा आठवड्यांच्या आत. इंडीपॉपच्या कालपटांत पहिली घटना सापडते. उरलेल्या दोन सापडत नाहीत. तोवर आनंद आणि मिलिंद या मुलांनी कॅसेटच्या बाजारात स्वतःची गादी उभी केली होती. पुढे नातू आदर्श शिंदे ‘दुनियादारी’सारख्या (२०१३) चित्रपटांत गायले. तीन पिढ्यांचे हे ध्वनिमुद्रित घराणे ज्या इतिहासाच्या नजरेतून सुटते, त्याने आपली नजर तपासावी.

१३/ उपाय अवघड नाही. घरातल्या माळ्यावर, जुन्या बाजारात, रसवंतीच्या फळीवर अजून कॅसेट पडून आहेत. त्यांच्या वेष्टनावर गायक, कवी, संगीतकार, वादक आणि कंपनी यांची नावे छापलेली असतात. फीत खराब होते, कागद विरतो. छायाचित्र काढून नोंद करायला दोन मिनिटे लागतात. जिथे ‘लोकगीत’ किंवा ‘पारंपरिक’ एवढेच लिहून कोणी मोकळा झाला असेल, तिथे खरे नाव शोधून लिहावे. आणि ‘आणि पार्टी’ असे छापलेले दिसले, तर त्या दोन शब्दांपाशी थांबून विचारावे : मागे टाळ्या वाजवत बसलेली ही माणसे कोण होती?