वाघाला विचारावं लागत नाही, माणसाला विचारावं लागतं

ताडोब्याच्या वाघांचे फोटो जगभर गेले. माया, वाघडोह, सगळे नावानिशी. पण त्याच जंगलाच्या काठावरच्या माणसाचा फोटो कधी निघतो? एक तर आधार कार्डासाठी, नाहीतर वाघाने मारल्यावर पेपरात. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. तो फोटोही कामाचाच, पण त्यात "सरळ बसा, इकडे पाहा" यापुढे बोलणं नसतं.

वाघ ६०० एमएमच्या लेन्सने जिप्सीतून टिपता येतो. माणसाच्या चेहऱ्यासाठी मात्र चार-पाच फुटांवर जावं लागतं. नाव विचारावं लागतं, "फोटो काढू का जी?" म्हणावं लागतं. लाजऱ्या पोराला नेमकं हेच जमत नाही. मी तसाच होतो. पाहुणे आले की मागच्या दाराने पसार! कॅमेरा हाती आला आणि अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त मिळालं. नजर आधी लेन्समधून भिडली, मग लेन्सशिवायही भिडू लागली.

२०१६ साली पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. ते पाहा. माणसांत मिसळल्याशिवाय तसे फोटो निघत नाहीत.

भामरागड, एटापल्लीकडची पोरं घरी माडिया बोलतात, शाळेत मराठी. पुढे नागपूरला मुलाखतीत सगळं येत असून मान खाली. आपण "बुजरा आहे" म्हणतो आणि सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच: आश्रमशाळेत आठवड्यातून एक तास पोरांना मोबाइल द्या. आजीचा, मोहफुलं वेचणाऱ्या काकूचा, वनमजुराचा फोटो काढू द्या, त्यांच्याच बोलीत चार प्रश्न विचारू द्या.

नियम तीनच. आधी विचारायचं. नाही म्हटलं तर मोबाइल खिशात. फोटो छापून त्या माणसाच्या हाती द्यायचा, परवानगीशिवाय ग्रुपवर टाकायचा नाही. मुलींच्या फोटोंबाबत तर अजिबात नाही.

लाज हा काही रोग नाही. पण लाजेपायी पोराची नोकरी जात असेल, तर ती मोडायला शाळेने मदत करायलाच हवी. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, गुरुजींचा जुना मोबाइलही चालतो.

शिक्षक मित्रहो, तुमच्या शाळेत करून पाहणार का? कमेंटमध्ये सांगा.