नांगर नव्हे, फळी

भाषांतरकाराची चूक शेतकऱ्याच्या चुकीइतकी महाग पडत नाहीं, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. शेतकरी चुकला तर पीक जातें; भाषांतरकार चुकला तर फार तर एखादा टीकाकार रागावतो, आणि टीकाकाराच्या रागानें कोणाची चूल विझल्याचें ऐकिवांत नाहीं. ही समजूत खोटी आहे असें आमचें म्हणणें असून, तें सिद्ध करण्यासाठीं आम्ही एक अगदीं क्षुद्र वाटणारें उदाहरण घेणार आहों. अमेरिकेच्या ईशान्य भागांत, विशेषतः व्हरमॉन्ट, न्यू हॅम्पशायर व मेन या संस्थानांत, घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची खडीची खासगी वाट हिवाळ्यांत लहान ट्रॅक्टर चालवून हिमांतून मोकळी करावी लागते. या कामाला इंग्रजींत जें नांव आहे त्याचा शब्दशः अर्थ 'हिम नांगरणें' असा होतो. तिकडे स्थायिक झालेले आमचे कांहीं मराठी बांधव हाच शब्द जसाच्या तसा उचलून 'आज पहाटे बर्फ नांगरला' असें खुशाल लिहितात. आमचा आक्षेप या शब्दावर आहे. आणि या शब्दाच्या नादानें जी करणी होते तिच्यावर तो त्याहून अधिक आहे.

नांगर कशासाठीं असतो हें मराठी वाचकाला शिकवावयास नको. नांगर भूमीच्या पोटांत शिरतो, खालची माती वर आणतो, आणि जेवढा खोल जाईल तेवढी त्याची थोरवी. कुळव वरच्यावर चालतो. त्याची पास बोट-दोन बोटें माती हलविते व तण कापते. फळी त्याहूनही वेगळी. ती रानावरून फिरते, रानांत शिरत नाहीं; उंचवट्याची माती खोलगटांत सारते आणि सारें रान एका पातळींत आणते. तीन अवजारें, तीन क्रिया आणि तीन क्रियापदें आपल्या कुणब्याच्या जिभेवर पिढ्यान् पिढ्या वेगवेगळीं नांदत आलीं आहेत. आतां ट्रॅक्टरच्या मागें टांगलेलें, किंचित् तिरपें केलेलें पोलादी पातें हिमांत काय करतें तें पाहावें. त्यानें हिम एका बगलेला सारावयाचें असतें. खालच्या खडीला त्यानें शिवावयाचें नसतें. म्हणजे नांगराचा जो धर्म तोच या कामांतला अधर्म! फ्रेंच लोकांनीं या यंत्राला 'हिम हांकून लावणारें' अशा अर्थाचें नांव दिलें आहे, तें तरी बरें. इंग्रजी व जर्मन या भाषांनीं नांगर हाच शब्द पत्करला; आणि ज्यांच्या घरांत नेमका शब्द होता त्या आम्हीं तो कोनाड्यांत ठेवून उसना आणला.

एका शब्दानें काय बिघडतें, असें विचारणाऱ्यानें खडीच्या वाटेची रचना ध्यानांत घ्यावी. १९ व्या शतकाच्या आरंभीं मॅकॅडम नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें रस्त्यांविषयीं जें तत्त्व सांगितलें तें थोडक्यांत असें कीं, भार शेवटीं मूळ जमीनच पेलते. म्हणून तिला कोरडी ठेवणें हें रस्त्याचें पहिलें काम. खडीच्या वाटेची पाठ मध्यें थोडी उंच असते ती याचसाठीं. पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत उतरावें. खडीचे टोंकदार तुकडे एकमेकांत अडकतात आणि बारीक चुरा त्यांना सांधतो. पातें जमिनीला टेंकवून ही वाट 'स्वच्छ' केली म्हणजे प्रथम हा चुरा जातो, मग खडी, आणि कांहीं हिवाळ्यांत वाटेची पाठही. खडी हिमाबरोबर कडेच्या हिरवळीवर जाऊन पडते व वसंतांत घरधन्याला ती दाताळ्यानें गोळा करावी लागते, हा झाला वरवरचा तोटा. खरा तोटा पुढेंच आहे. मार्च-एप्रिलांत गोठलेली भूमी वरून वितळूं लागते, पण खालचा थर अजून दगडासारखा असतो. वरच्या पाण्याला खालीं जावयास मार्गच नसतो. व्हरमॉन्टमधील निम्म्याहून अधिक रस्ते अद्याप कच्चे आहेत, आणि तेथें या दिवसांना 'चिखलाचा ऋतु' असें स्वतंत्र नांवच पडलें आहे. पाठ सपाट झालेल्या वाटेवरून हें पाणी बाजूला उतरत नाहीं; तें चाकोरींत साचतें, आणि जी वाट जानेवारींत आरशासारखी निर्मळ केली तिच्यांत एप्रिलांत गाडी आंसापर्यंत रुतते. मग दारीं रुग्णवाहिका बोलवावी लागली तर तिचीही तीच गत होते.

तर मग करावें काय? उत्तर त्याच प्रदेशांतील जुन्या जाणत्या रहिवाशांच्या हातांत आहे. थंडी नीट पडून जमीन गोठेपर्यंत पहिल्या एक-दोन हलक्या हिमवर्षावांना पातें लावूं नये. गाडीच्या चाकांखालीं तें हिम दबून घट्ट होऊं द्यावें. तोच थर पुढें हिवाळाभर वाटेचा पृष्ठभाग होतो आणि पातें त्याच्यावरून घसरत जातें. पात्याला बुटासारखे पोलादी टेंकू बसवितां येतात. ते इंचभर खालीं सोडले म्हणजे पातें तेवढें अधर राहतें. कांहीं जण लोखंडी नळी उभी चिरून पात्याच्या धारेवर बसवितात. गोल कड खडींत रुतत नाहीं, तिच्यावरून तरंगत जाते. थंडीपूर्वींच वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवून ठेवाव्या. नाहीं तर फूटभर हिमाखालीं वाट कोठें संपली व चर कोठें लागला हें कोणासही सांगतां येत नाहीं. पहिल्या मोठ्या हिमवर्षावाच्या वेळींच कडेचे ढीग होतील तितके दूर लोटावे. ते एकदां गोठले म्हणजे ट्रॅक्टरलाही दाद देत नाहींत आणि दर खेपेस वाट अरुंद होत जाते. ढीग उताराच्या बाजूला घालावे. चढाच्या बाजूला घातले तर त्यांचें पाणी दिवसा वाटेवर ओघळतें व रात्रीं त्याची कांच होते. मोरीचें तोंड बुजवूं नये. आपलें हिम सार्वजनिक रस्त्यावर लोटूं नये. व्हरमॉन्टमध्यें तर तसें करणें कायद्यानेंच मना आहे. या सर्व नियमांत खोल जाण्याचा नियम एकही नाहीं. जो तो नियम कोठें थांबावें हें सांगणारा आहे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो, आणि तो हलका नाहीं. दबलेलें हिम निसरडें असतें, म्हातारी माणसें पडतात, चढावर गाडी मागें येते. तेव्हां तळापर्यंत खरवडणें हेंच माणुसकीचें, असें आक्षेपक म्हणतात. त्यांचा हेतु आम्हांला मान्य आहे, अनुमान मान्य नाहीं. येथेंही शब्दांचा घोळ आड येतो. आपण व्यवहारांत 'बर्फ' या एकाच शब्दाखालीं दोन पदार्थ कोंबतों: आकाशांतून पडतें तें हिम, आणि पाणी गोठून होतो तो बर्फ. माणसाचा पाय घसरतो तो बहुधा दुसऱ्यावर. कडक कोरड्या थंडींत दबलेल्या हिमावर चाकाला व बुटाला बरीच पकड मिळते. तेंच वितळून पुन्हा गोठलें कीं पकड गेली. म्हणून पाऊस किंवा उबारा आला म्हणजे मऊ झालेला थर रात्र पडण्यापूर्वीं सारून टाकावा, आणि जेथें बर्फ झालाच तेथें वाळू पसरावी. हाही फळीच्या शास्त्राचाच भाग आहे. आळसाला आम्हीं कोठेंही मुभा दिलेली नाहीं. उलट, खरवडून उघडी केलेली खडी तरी निर्धोक असते काय? दुपारीं तिच्या खळग्यांत पाणी साचतें आणि सायंकाळीं त्याचाच बर्फ होतो.

शिवाय तळापर्यंत उघडा रस्ता हा कांहीं सनातन धर्म नव्हे. मोटार येण्यापूर्वीं याच मुलखांत हिवाळ्यांत घसरगाड्या चालत. तेव्हां गांवें रस्त्यांवरचें हिम काढीत नसत. घोडे जुंपलेल्या प्रचंड लाकडी रुळांनीं तें दाबून घट्ट करीत. छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर हिम पडत नसे. म्हणून घसरगाडी पार व्हावी यासाठीं माणसें लावून तेथें मुद्दाम हिम पसरीत. ज्या हिमाला आज शत्रु म्हणून खरवडतात तेंच तेव्हां मजुरी मोजून पुलावर आणवीत! घसरगाडीचा काळ परत यावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हिमावरून चालणें हा अडाणीपणा व हिम निपटून काढणें ही सुधारणा, असें जें समीकरण आक्षेपकांनीं गृहीत धरलें आहे त्याचें वय किती थोडें आहे, हें यावरून दिसून येईल.

उघड्या तळाचा हट्ट एकदां मनांत शिरला कीं तो पात्यापाशीं थांबत नाहीं. पात्यानें जें सुटत नाहीं तें मिठानें सोडवावेंसें वाटूं लागतें. अमेरिकेंत हमरस्त्यांवर मीठ टाकण्याचें सर्वसाधारण धोरण प्रथम न्यू हॅम्पशायरनें स्वीकारलें. १९४१-४२ च्या हिवाळ्यांत त्या देशाच्या हमरस्त्यांवर सुमारें ५,००० टन मीठ पडलें. आज हा आंकडा वर्षाला दोन कोटी टनांच्या घरांत गेला आहे. डांबरी हमरस्त्यावर, शेंकडों गाड्यांच्या वेगापुढें, या धोरणाचें कांहीं समर्थन करतां येईल. खडीच्या वाटेवर तें मुळींच लागूं पडत नाहीं. मीठ हिमाचें पाणी करतें, तें पाणी खडींत मुरतें, आणि गोठून घट्ट राहिलेली वाट भर हिवाळ्यांत मऊ पडते. खडीच्या रस्त्यांवर वाळू पसरण्याची तिकडील गांवांची वहिवाट आहे ती यामुळेंच. थंडी शून्याखालीं नऊ-दहा अंशांच्याही खालीं उतरली म्हणजे साध्या मिठाचा फारसा उपयोगही होत नाहीं. आणि त्या मिठांतलें क्लोराइड जातें कोठें? तें नाहींसें होत नाहीं, मातींत अडकून राहत नाहीं. पाण्याबरोबर खालीं खालीं उतरतें. रानांतल्या अशा एकाकी घरांना बहुधा नगरपालिकेचा नळ नसतो. अंगणांतली विहीर किंवा कूपनलिका हाच त्यांचा आधार. पिण्याच्या पाण्यांत क्लोराइडचें प्रमाण लिटरमागें २५० मिलिग्रॅमच्या वर जाऊं नये अशी अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्याची शिफारस आहे. जो आपल्या वाटेवर पोत्यांनीं मीठ ओततो तो तें अखेर आपल्या व शेजाऱ्याच्या घागरींत ओततो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. तळ गाठावयाचा नव्हता तर मग वीस-पन्नास अश्वशक्तींचें यंत्र घेतलें कशाला, असें तो विचारतो. याचें उत्तर साधें आहे. शंभर मीटर लांब व तीन मीटर रुंद वाटेवर तीस सेंटिमीटर हिम पडलें तर तें नव्वद घनमीटर भरतें. ताज्या हिमाचें वजन घनमीटरला शंभर किलो धरलें, तरी एका रात्रींत नऊ टन ओझें दाराशीं येऊन पडतें. शक्ति लागते ती हें ओझें सारण्यासाठीं. हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञानें अवजार ट्रॅक्टरला तीन सांध्यांनीं जोडून तेलाच्या दाबानें उचलण्याची जी पद्धति बसविली, आणि १९३९ सालीं फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर जी बाजारांत आली, तीच आजच्या लहान ट्रॅक्टरांतही आहे. तिचा एक मोठा लाभ असा कीं, चालकाला बसल्या जागीं, हाताशीं असलेल्या दांड्यानें अवजाराची उंची राखतां येते. यंत्रानें विवेकाच्या हातीं असा दांडा दिला असतां तो तळाशीं ढकलून मोकळें होणें म्हणजे घोडा विकत घेऊन लगाम उकिरड्यावर टाकण्यासारखें आहे. ज्यांच्या वाटा कंत्राटदार मोकळ्या करतो त्यांनाही हेंच लागूं आहे. तो पहाटेच्या घाईंत एकामागून एक दारें उरकीत असतो. घरधन्यानें पात्याची उंची सांगितली नाहीं तर ती त्यानें कोणाच्या मनांतून वाचावी?

राहिला प्रश्न असा कीं, पुण्या-मुंबईच्या वाचकाला याचें काय? मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९९४ सालीं अमेरिकेंत आपली शाखा काढली, आणि तिच्या नांवाचे लहान ट्रॅक्टर आज तिकडच्या हिवाळ्यांत चालतात. म्हणजे यंत्रावरचें नांव आमच्याकडचें, बसणारा कधीं कधीं आमच्यांतला, आणि क्रियापद तेवढें परक्याचें! वाङ्मयाच्या बाबतींत तर आमची स्थिति याहून शोचनीय आहे. मराठींत हिमाचीं वर्णनें थोडीं नाहींत. पण त्यांत कापूस आहे, चांदणें आहे, मोगऱ्याचा सडा आहे, आणि तो सडा पहाटे पांच वाजतां बगलेला सारणारा माणूस कोठेंच नाहीं. खिडकीच्या आंतून लिहिलेल्या वाङ्मयाला अवजारांचीं नांवें लागत नाहींत. ज्याला अवजाराचें नांव लागत नाहीं त्याच्या हातून 'नांगरणें' काय आणि 'सारणें' काय, दोन्ही सारख्याच निष्काळजीपणानें लिहिलीं जातात. आणि तें वाचून जो नवा घरधनी ट्रॅक्टरवर बसतो त्याची खडी, त्याची मोरी आणि त्याची विहीर त्या निष्काळजीपणाची भरपाई करीत बसतात.

असो. आमची मागणी मोठी नाहीं. लेखकांनीं 'हिम सारलें' म्हणावें, किंवा त्यांना गांवाकडचा शब्द लाजिरवाणा वाटत नसेल तर 'हिमाला फळी मारली' म्हणावें; कुणब्याचें पोरही तें ऐकून पातें कोठें धरावयाचें हें बरोबर ओळखील. आणि घरधन्यांनीं येत्या शरदांत पानें झडूं लागलीं कीं कडेला काठ्या रोवाव्या, मोऱ्या उपसाव्या, पात्याचे टेंकू इंचभर खालीं सोडावे. आणि पहिलें हलकें हिम पडेल त्या दिवशीं ट्रॅक्टर छपरींतच राहूं द्यावा.