अर्धवट सुटलेली मैफल

१९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. धोबीतलावच्या रंगभवनात मीही गेलो होतो. नुकताच मास्तर झालो होतो. शेवटची लोकल गाठायची म्हणून मधूनच उठलो. पुढचे वादन मला पुन्हा कधीच मिळाले नाही. ते कुठे लिहिलेलेच नव्हते! ख्यालातल्या बढतीसारखे तिथल्या तिथे सुचलेले.

जॅझ परका म्हणू नका. ‘अलबेला’त (१९५१) गोव्याचा चिक चॉकलेट पडद्यावरही दिसतो.

आमच्या एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीवाल्याने रात्री मुंबईला जाऊन ऐकायचे कसे? रसिकता गाडीच्या वेळापत्रकावर ठरू नये. अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी कला महोत्सव होतो. तिथे एक संध्याकाळ जॅझला द्यावी. मी शेवटपर्यंत बसेन. घर चालत अंतरावर आहे!