पोट बाईचे, सही नवऱ्याची!

नवऱ्याच्या संमतीवाचून डॉक्टराने बाईचा गर्भ उतरवू नये, असा कायदा काही गृहस्थ मागतात. वाहवा! सन 1971 च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. सन 2017 साली सुप्रीम कोर्टाने एका नवऱ्याचे अपील फेटाळून तेच कायम केले. मग यांच्या पोटात का दुखते?

म्हणे, या मोकळिकीने मुली मारल्या जातात. अहो, गर्भाचे लिंग पाहण्यास सन 1994 च्या कायद्याने बंदी आहे. तो नीट चालवा की! मुलगी नको म्हणून बायकोला दवाखान्यात ओढणारा बहुधा नवराच. त्याच्याच हाती सही देणे म्हणजे चोराला तिजोरीच्या किल्ल्या देणे होय.

आणि दारुड्याची बायको सही कोठून आणील? ती काडी घालून घेईल आणि मरेल. सावकाराची सून मोटारीतून जाऊन गुपचूप मोकळी होईल. जोतीरावांनी सन 1863 मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हाही पाप दोघांचे आणि फास एकटीला, असाच न्याय होता.

बंधूंनो, असला अर्ज कोणी गावात आणील तर अंगठा उठवू नका. आधी घरात विचारा.