मैदानाच्या कडेची वही

शालेय फुटबॉलचे दिवस आले की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या कितीतरी घरांत एकच चौकशी असते: पोराचे नाव संघात आले का? सुब्रतो चषकाची वाट जिल्ह्यातून नागपूर विभागाकडे आणि तिथून राज्याकडे जाते. बाद पद्धतीत एक सामना हरला की त्या वर्षाचा खेळ आटोपला. म्हणून वीस-पंचवीस मुलांतून अकरा कोण, हा निर्णय मुलांसाठी लहान नसतो. आणि तो बहुधा सरांच्या आठवणीवर होतो.

ही आठवण किती भरवशाची? १९८६ साली फ्रँक्स आणि मिलर या संशोधकांनी हे तपासले. सामना पाहून झाल्यावर प्रशिक्षकांना त्यातल्या महत्त्वाच्या घटनांपैकी निम्म्याही नीट सांगता आल्या नाहीत. गोल लक्षात राहतो, भांडण लक्षात राहते. मधल्या फळीत गुपचूप दहा वेळा चेंडू हिसकावणारा मुलगा विसरला जातो. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना ताकीद आहे. विषय बाजारातल्या व्यवहाराचा, पण कुणाच्या लेकराची मेहनत नुसत्या अंदाजाने तोलली जाताना पाहिली की आम्हाला ती सूरह आठवते.

मोठ्या क्लबांकडे यासाठी कॅमेरे आणि संगणक असतात. आपल्याकडे दोनशे पानी वही पुरे. मैदानाचे मनातल्या मनात तीन भाग करा: आपला, मधला, समोरच्यांचा. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चेंडू कुठे मिळवला, कुठे गमावला, पास पुढे गेला की मागे, यासाठी फक्त रेघा ओढायच्या. एकाने दोन-तीन खेळाडूंवरच नजर ठेवावी. हे काम बहिणीही चांगले करतील. आम्हाला तर वाटते, भावांपेक्षा बारकाईने करतील. शेजारच्या गच्चीवरून मोबाइलने चित्रण झाले, तर शंका आल्यावर पुन्हा पाहता येते. कोण किती मिनिटे खेळला हे मात्र लिहायलाच हवे. पंधरा मिनिटे मिळालेल्या मुलाची पूर्ण सामना खेळलेल्याशी नुसत्या रेघांवरून तुलना करणे अन्यायाचे आहे. बचावपटूला आघाडीच्या खेळाडूच्या मापाने मोजू नये, आणि चार-पाच सामन्यांआधी निकालही देऊ नये.

आकडेही फसवतात. इंग्लंडच्या हवाई दलातले चार्ल्स रीप यांनी १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या सामन्यात अशीच नोंद सुरू केली. पुढे अनेक वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी सांगितले की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमधून होतात, तेव्हा चेंडू लांब मारा. पण मुळात बहुतेक चालीच तेवढ्या छोट्या असतात! गोल मोजताना वाया गेलेल्या चालीही मोजायला हव्या होत्या.

उलट टोकाचे उदाहरण अनेक वाचकांनी टीव्हीवर पाहिले असेल. ६ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजाराहून जास्त पास दिले, पण १२० मिनिटांत गोल एकही नाही. पेनल्टीवर मोरोक्को ३-० ने जिंकला. चेंडू किती वेळ आपल्याकडे होता हा आकडा दिसायला देखणा, पण तो कुठे होता हे विचारल्याशिवाय फारसा कामाचा नाही.

हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे उदाहरण आम्हाला जास्त जवळचे वाटते. त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकला. खेळाडूंचा दुबळा पाय सुधारावा म्हणून त्यांनी फक्त त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा भरवल्या. चेंडू घोळवायला मनाई असलेल्याही भरवल्या. कमतरता ओळखायची आणि सराव तिच्याभोवती बांधायचा, ही त्यांची रीत. वहीतल्या रेघांनी उद्याचा सराव बदलला नाही, तर ती कारकुनी झाली.

घरच्यांनी ही वही गुणपत्रिकेसारखी दस्तरखानावर मांडू नये. नाहीतर मुलगा चूक टाळायला चेंडू मागेच देत राहील, आणि आकडा मात्र छान दिसेल. रमजानमध्ये असरनंतरच्या सरावाची नोंद शाबानमधल्या नोंदीशी ताडू नये. रोजेदार मुलाची तुलना त्याच्याच रमजानमधल्या इतर दिवसांशी करावी. आणि निवडीत नाव नसेल, तर अब्बांनी सरांशी वाद घालण्याऐवजी वही पाहायला मागावी. वही नसेल, तर पुढच्या सामन्याला ती धरून बसायची तयारी दाखवावी.