सह्याद्रीची माघार

आम्ही अलिबागकडची माणसे सह्याद्रीला डोंगर म्हणतो. खालून पाहणाऱ्याला तो डोंगरच दिसणार! पण पुण्याहून येणाऱ्याला विचारा. खंडाळ्यापर्यंत त्याला चढ असा फारसा जाणवत नाही, आणि मग एकाएकी पायांपुढची जमीनच संपते. सह्याद्री म्हणजे देशावरच्या पठाराचा तुटका काठ. आमचे कोकण त्याच्या पायथ्याशी.

हे पठार सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झाले. पुढे पश्चिमेची बाजू खचली आणि तेथे समुद्र आला. पनवेलच्या आसपास ते थर समुद्राकडे कललेले आजही दिसतात. तेव्हापासून हा काठ झिजत झिजत पूर्वेकडे सरकतो आहे. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड हे त्याने वाटेत मागे टाकलेले तुकडे. माथेरानचा सपाट माथा आणि त्यावरची जांभ्याची टोपी पाहा, म्हणजे पठाराशी असलेले नाते पटेल. मधली जमीन उल्हास नदीने नेली.

सारी करामत पावसाची. माथेरानवर वर्षाला सुमारे दोनशे इंच पाऊस कोसळतो. घाटामागच्या कोरड्या तालुक्यांत वीस इंचांची मारामार. भीमा उगमापाशी अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरही दूर नाही, तरी ती संथपणे पूर्वेला वळून कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून देशावरच्या सपाट माथ्याच्या टेकड्या सावकाश झिजतात. आमच्या कुंडलिका, सावित्री आखूड आणि उतावळ्या. त्या उगमाकडूनच काठ कुरतडतात.

लाखो वर्षांचा हा व्यवहार आपल्याला दिसत नाही. पण डोंगर कधीकधी एका दिवसात हिशेब करतो. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातले तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. उतारावरची जी माती झऱ्याचे पाणी धरते आणि नाचणी पिकवते, तीच अतिवृष्टीत जड होऊन सुटते. वाडी तेथे वसते ती हौसेने नव्हे, त्या पाण्यासाठी आणि मातीसाठी. म्हणून नुसते ‘हलवा’ म्हणून भागत नाही. नव्या जागी पाणी आणि शेतही द्यावे लागते.

डोंगर सरकायचा थांबणार नाही. सरकायचे ते माणसांनी, आणि तेही पावसाआधी.